झोपाळा उलटा करून पाहा

बागेतल्या लोखंडी वस्तू रंगवायला काढल्या की बहुतेक घरांत एकच क्रम दिसतो. हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा लिटर ऑइलपेंट, दोन इंची ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली येते. झोपाळा अंगणाच्या मध्ये ओढतात, ओल्या फडक्यानं पुसतात आणि डोळ्यांना दिसतो तेवढा भाग दुपारपर्यंत चकाचक करून टाकतात. दिवाळीला आलेले पाहुणे कौतुक करतात. पुढच्या श्रावणात त्याच रंगाला फोड येतात, गणपतीपर्यंत ते फुटतात आणि फरशीवर तांबूस ओघळ उतरतात. मग रंगाच्या कंपनीचा उद्धार होतो. रंग बहुधा बरा असतो. झोपाळा उलटा करून कुणी पाहिलेला नसतो.

गंज कुठून सुरू होतो हे समजायला केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांचा एक साधा प्रयोग पुरेसा आहे. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्या पाण्यात दोन सूचक द्रव्यं मिसळलेली असतात. लोखंड विरघळू लागलं की एक निळं होतं, आणि अल्कली तयार झाली की दुसरं गुलाबी. थोड्या वेळानं थेंबाचा मध्य निळा दिसतो, कडा गुलाबी दिसते आणि दोन्हींच्या मधे गंजाचं तांबूस कडं उमटतं. कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यापर्यंत तो कमी पोचतो. जिथं ऑक्सिजन जास्त तिथं लोखंड जास्त खाल्लं जाईल असं आपल्याला वाटतं, पण घडतं उलटं. कडा मध्यभागाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि मध्यभागाचं लोखंड झिजतं. एका थेंबात एक लहानशी बॅटरी चालू असते.

बागेत हा थेंब शेकडो ठिकाणी बसलेला असतो. कुंडीचं बूड आणि स्टँडची कडी यांच्या फटीत, बोल्टच्या वॉशरखाली, एकावर एक डाग दिलेल्या दोन पट्ट्यांच्या मधे, फाटकाच्या बिजागरीत, खुर्चीच्या पायाला घातलेल्या रबरी बुटात. उघड्या दांड्यावर पडलेलं पाणी तासाभरात सुकतं. फटीतलं पाणी दोन दोन दिवस सुकत नाही, आणि ऑक्सिजनही तिथंच सर्वांत कमी असतो. गंजाची जागा निवडण्यात योगायोग फार थोडा असतो.

कोकणपट्टीत यात मीठ मिसळतं. स्वच्छ हवेत सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद गंजण्याचा वेग वाढतो. मिठाचा थर असेल तर एवढीही वाट पाहावी लागत नाही, कारण समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार बऱ्याच कमी आर्द्रतेतही हवेतून पाणी ओढून ओले राहतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते याच गुणामुळे. मालवण, वेंगुर्ले, अलिबागच्या अंगणांत आठ महिने खारा वारा हा थर बसवत राहतो. पाऊस वरच्या बाजूचं मीठ धुऊन नेतो, खालची बाजू मात्र कोरडीच खारट राहते. त्यामुळे किनाऱ्यावर पावसात थेट भिजणाऱ्या भागापेक्षा आडोशाचा, खालचा भाग अनेकदा अधिक सडलेला सापडतो. झोपाळ्याची बैठक वरून ठीक दिसते आणि खालून हाताला पापुद्रे लागतात. समुद्रकाठच्या माणसाला माझा पहिला सल्ला रंगाचा नसतोच. पाऊस संपल्यानंतर महिन्यातून एकदा पाण्याची नळी घ्यावी आणि सगळ्या लोखंडी वस्तू खालून गोड्या पाण्यानं धुवाव्यात.

वस्तू उलटी केल्यावर आधी ती कशाची आहे ते ओळखावं. आज बागेत असतं ते बहुतेक साधं पोलाद, फॅब्रिकेटर ज्याला एमएस म्हणतो: चौकोनी पाइप, पट्ट्या, दहा-बारा मिलिमीटरचे बार. जुन्या वाड्याबंगल्यातल्या नक्षीदार खुर्च्या, बाकाचे पाय, दिव्याचे खांब बिडाचे असतात. साच्याच्या दोन भागांची बारीक शिवण त्यांच्यावर दिसते, आणि तोडलेल्या जागी धातू करडा व दाणेदार असतो. एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाचं वेड इंग्लंडातून जगभर गेलं. मुंबईत काळाघोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, हिचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडात ओतून जहाजानं आणलेला आहे. बीड पोलादापेक्षा सावकाश गंजतं, कारण साच्यातल्या वाळूशी लागून त्याच्यावर एक चिवट कातडी तयार झालेली असते. ग्राइंडर लावून ती कातडी उडवणं म्हणजे वस्तूचं अंगभूत संरक्षण फेकून देणं. शिवाय बीड ठिसूळ असतं. हातोडीनं गंज झटकायला गेलात की पाय तुटतो, आणि तुटलेलं बीड जोडायला वेगळ्या कांड्या लागतात, आधी तापवून घ्यावं लागतं, मग सावकाश थंड करावं लागतं. नाक्यावरचा वेल्डर “होऊन जाईल” म्हणाला तरी त्याला आधी हे विचारावं.

त्यानंतरची तपासणी निर्दयपणे करावी. जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन गंजलेल्या प्रत्येक जागी टोचायचं. टोक आत घुसलं तर तिथं धातू उरलेला नाही, पापुद्र्यावर रंगाचं पांघरूण घातलेलं आहे. कुंड्यांच्या स्टँडच्या बाबतीत हे फार गंभीर नाही. झोपाळ्याच्या बाबतीत आहे. कडी, हूक, साखळीचा वरचा दुवा आणि आडव्या पाइपाचा जोड या चार जागा माणसाचं वजन पेलतात. तिथली जाडी कमी झालेली दिसली तर घासणं, लप्पम भरणं, रंगवणं या सगळ्याला सुट्टी द्यावी आणि तो भाग बदलावा. हूक झिजतो तो गंजानं तितकाच घर्षणानं. त्याच्या आतल्या बाजूला खाच पडलेली असते, आणि ती रंगाच्या थराखाली सुरेख लपते. जुन्या कोकणी घरांत माजघरातल्या झोपाळ्याला पितळी कड्या असत, त्यांना गंजाचा प्रश्न नव्हता. अंगणातला पाइपांचा झोपाळा ही अलीकडची गोष्ट आहे.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, मूळ धातूच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत. जुन्या इमारतींत स्लॅबच्या सळया फुगून प्लास्टर कोसळतं ते यामुळेच. फाटकाच्या दोन पट्ट्यांमधेही हाच दाब काम करतो. पट्ट्या मधून फुगलेल्या दिसतात, रिव्हेट ताणलेले असतात. अशा फटीत ब्रश पोचत नाही, रसायन पोचलं तर बाहेर येत नाही. तिथं पट्टी कापून काढणं आणि नवी लावताना चारही बाजूंनी सलग वेल्डिंग करणं हाच उपाय. फॅब्रिकेटर वेळ आणि कांड्या वाचवायला तुटक टाके देतो. टाक्यांच्या मधली प्रत्येक फट पुढच्या गंजाचं घर असते.

आता घासण्याकडे येऊ. इथं सगळं काम आहे, आणि इथंच बहुतेकांचा उत्साह संपतो. पण आधी थोडं शिशाबद्दल. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. गावच्या मारुतीला तेलात कालवून जो चढवतात, तोच पदार्थ जवसाच्या तेलात घोटून जगभरच्या पुलांना आणि जहाजांना गंजरोधक अस्तर म्हणून लावला जाई. तेलातल्या आम्लांशी शिशाचा संयोग होऊन जे साबणासारखे क्षार बनतात, ते लोखंडाचं झिजणं रोखतात. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३७ मध्ये खुला झाला, त्याचं नारिंगी रूपसुद्धा इथूनच आलं. कारखान्यातून आलेल्या पोलादावरचा शेंदरी अस्तराचा रंग सल्लागार वास्तुविशारद आयर्विंग मॉरो यांच्या नजरेत भरला. अस्तर म्हणून शेंदूर उत्तम होता. मुलांच्या मेंदूसाठी तितकाच वाईट. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरतं मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधी रंगवलेलं फाटक, आजोबांच्या काळातली बागेतली खुर्ची, शाळेच्या लिलावातून आणलेली घसरगुंडी यांच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं असंच धरून चालावं. पिवळ्या झिंक क्रोमेटच्या अस्तरातलं क्रोमियमही तितकंच घातक असतं. असे थर कोरडे घासू नयेत, त्यावर ग्राइंडर तर मुळीच फिरवू नये. पाणी शिंपडत वॉटर पेपरनं घासावं, खाली जुनं प्लॅस्टिक अंथरावं, नाकातोंडाला चांगला मास्क असावा, आणि खाली पडलेला लगदा तुळशीच्या वाफ्यात जाऊ देऊ नये. रंग भाजून काढायचा मोह तर टाळावाच, शिशाची वाफ फार वाईट.

जाता जाता एक. गंजलेला खिळा लागला की धनुर्वात होतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. धनुर्वाताचे जिवाणू मातीत आणि शेणात असतात, गंजात नव्हे. खिळा मातीत पडलेला असतो म्हणून बदनाम होतो. इंजेक्शन मात्र घ्यावं, आणि घासायला बसताना जाड हातमोजे घालावेत.

घासायची साधनं साधी आहेत. सुटलेले पापुद्रे पत्रीनं किंवा जुन्या पटाशीनं उचकटायचे, मग तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा एमरी पेपर, शेवटी १२० चा. ड्रिल मशीनला लावायचा तारेचा कप ब्रश मिळतो, तो मोकळ्या भागावर वेळ वाचवतो, पण एकाच जागी फार फिरवला तर गंज काढायच्या ऐवजी त्याला घोटून चकचकीत करतो आणि माणूस फसतो. तपकिरी चमक म्हणजे धातू नव्हे. करडा, किंचित खरबरीत पृष्ठभाग दिसला की थांबावं. नव्या वस्तूवरही एक सापळा असतो. कारखान्यातून तापत्या रूळांतून निघालेल्या पोलादावर निळसर-करड्या ऑक्साइडचा कडक थर असतो, त्याला मिल स्केल म्हणतात. तो इतका छान दिसतो की त्याच्यावरच रेड ऑक्साइड फिरवून फॅब्रिकेटर फाटक पोचतं करतो. हा थर उन्हापावसात तडकतो, रंगासकट उठतो, आणि तडकलेल्या रेघेतलं उघडं पोलाद तो स्वतःच जास्त वेगानं गंजवतो. नवं फाटक पहिल्याच पावसाळ्यात का गंजलं, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथं असतं. ऑर्डर देतानाच मिल स्केल काढून घ्यायला सांगावं. सगळी वस्तू नाजूक नक्षीची असेल तर एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमधून ब्लास्टिंग करून आणणं सोयीचं पडतं. समुद्राची वाळू वापरणारा मात्र नको. तिच्यात मीठ असतं, आणि तिची धूळ कामगाराच्या फुप्फुसांत सिलिका सोडते.

आम्लांच्या बाबतीत मी जुन्या मताचा आहे. संडास धुवायला मिळतं ते अॅसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, गंज डोळ्यांदेखत खातं, आणि म्हणूनच लोकांना आवडतं. पण त्याचे क्लोराइड धातूच्या बारीक खळग्यांत राहून जातात, आणि क्लोराइड म्हणजे किनाऱ्यावरचा खारा वारा आपणच आणून भरण्यासारखं आहे. लहान बोल्ट, बिजागऱ्या, कड्या साध्या व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक आम्लाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवाव्यात, सकाळी ब्रशनं घासून सोड्याच्या पाण्यात आणि मग गोड्या पाण्यात धुवाव्यात आणि लगेच उन्हात सुकवाव्यात. मोठ्या वस्तूंसाठी फॉस्फोरिक आम्लाची तयार द्रावणं मिळतात. ती गंजाचं फॉस्फेटात रूपांतर करतात, आणि त्या थरावर रंग धरतो. फॉस्फेटचं हे वळण आपल्याकडे फार जुनं आहे. दिल्लीतल्या मेहरौलीचा गुप्तकालीन लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं उभा आहे. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांच्या अभ्यासानुसार, त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असल्यामुळे त्याच्यावर लोह-फॉस्फेटाचा एक बारीक संरक्षक थर जमला. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आहे. तोच खांब गणपतीपुळ्याच्या वाळूत पुरला असता तर मी त्याच्यावर पैज लावली नसती.

दुसरं कुळ टॅनिनचं. रस्ट कन्व्हर्टर म्हणून विकली जाणारी काही द्रावणं गंजाला काळं करतात. त्यांतलं टॅनिक आम्ल लोहाशी संयोग पावून निळसर काळं टॅनेट बनवतं. हे रसायन आपल्या पूर्वजांना चांगलं माहीत होतं. हिरडा आणि हिराकस हा लोहाचा क्षार एकत्र केले की हीच काळी शाई तयार होते, आणि कलमकारीतल्या काळ्या रेघांनाही हिरडा व लोखंडच लागतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं जो बाळहिरडा वेचतात, त्यात हे टॅनिन भरलेलं असतं. मात्र हिरड्याचा घरगुती काढा फाटकाला लावून काम भागेल असं समजू नये. तयार द्रावणात टॅनिनसोबत चिकट पॉलिमर असतो, तो थर बांधून ठेवतो. आणि कन्व्हर्टर वापरायचा तो घासूनही न निघालेल्या, धातूला घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावरच. जाड पापुद्र्यावर ओतला तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा आपलं काम चालू ठेवतो.

घासून झालं की घड्याळ सुरू होतं. उघडं पोलाद दमट हवेत काही तासांत पुन्हा पिवळसर पडतं. म्हणून जेवढा भाग त्याच दिवशी अस्तर लावून संपेल तेवढाच घासायला घ्यावा. आपल्याकडे यासाठी दिवाळीनंतरचे दिवस ते होळी हा काळ चांगला. पण थंडीच्या दिवसांत सकाळी दंव असतं, आणि लोखंड आसपासच्या हवेपेक्षा गार असल्यामुळे डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्याच्यावर बसतो. औद्योगिक रंगकामात असा दंडक आहे की धातूचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश सेल्सियस वर असावं. घरी थर्मामीटर नको. ऊन चढून लोखंड हाताला कोमट लागू लागेपर्यंत थांबावं. उलट भर दुपारी उन्हात तापलेल्या पाइपावर रंग लावला तर वरची साय लगेच धरते आणि आतला थिनर अडकून बारीक फोड येतात. काळं ऑइल, म्हणजे इंजिनातलं वापरलेलं तेल, पूर्वी कुणी वस्तूला चोपडलं असेल तर ते आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं आणि मग थिनरच्या फडक्यानं पूर्ण काढावं. तेलकट लोखंडावर कुठलाच रंग धरत नाही.

अस्तराबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: रेड ऑक्साइड मारलं की गंज थांबला. साधं रेड ऑक्साइड सच्छिद्र असतं. त्याचं काम धातूला धरून ठेवणं आणि वरच्या रंगाला पकड देणं. उघड्यावर एक पावसाळा ठेवलेलं रेड ऑक्साइडचं फाटक पाण्याला अडवत नाही. झिंक फॉस्फेट असलेलं अस्तर मिळालं तर ते घ्यावं, आणि अस्तर वाळल्यावर वरचा रंग लांबवू नये. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा किंवा पाइप असेल तर प्रकरण वेगळं. जस्तावर नेहमीचा ऑइलपेंट थेट लावला की तेलातल्या आम्लांचा जस्ताशी साबण होतो आणि रंग पत्र्यापासून सालीसारखा सुटतो. तिथं आधी एच प्रायमर किंवा जीआयसाठी म्हणून मिळणारं खास अस्तर लागतं. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजून त्याला वाचवतं, त्यामुळे जिथं जस्ताचा थर शाबूत आहे तिथं तो घासून काढू नये. फक्त धुवावा.

रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले, हे रंगारी सांगतोच. तो सहसा सांगत नाही ते असं की ओला रंग धारदार कडेपासून मागे सरकतो आणि कडेवर थर सर्वांत पातळ राहतो. अँगलच्या कडा, पट्टीच्या कोपऱ्यावरच्या रेघा, वेल्डिंगचे खडबडीत डाग, नटाची सहा टोकं, गंज पहिल्यांदा इथूनच डोकं वर काढतो. कडा कानशीनं किंचित गोल कराव्यात, आणि पूर्ण हात मारण्याआधी बारीक ब्रशनं फक्त कडांना आणि जोडांना एक वेगळा हात द्यावा. ऑइलपेंटचा एक हात वाळून जेमतेम ३० मायक्रॉन भरतो. अस्तर आणि दोन हात धरून शंभराच्या आसपास पोचतो. किनाऱ्यावर एवढं पुरत नाही, तिथं एक हात वाढवावा किंवा इपॉक्सी अस्तरावर पॉलियुरेथेन रंग द्यावा. इपॉक्सी एकटी उन्हात सोडू नये, ती भुरभुरीत पांढरी पडते. चंदेरी रंगाला लोक हलका समजतात, पण त्यातल्या अॅल्युमिनियमच्या चपट्या चकत्या एकमेकींवर पसरून पाण्याची वाट लांबवतात. रेल्वेचे गर्डर पूल वर्षानुवर्षं चंदेरी दिसत आले ते यामुळेच. बागेत तो रंग मला सुंदर वाटत नाही, फाटकाला चालतो.

वस्तू परत जागेवर ठेवण्याआधी पाण्याचा रस्ता दुरुस्त करावा. पोकळ पाइपाची वरची तोंडं बंद करावीत, आणि सर्वांत खालच्या जागी पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडावं. पाइपात पाणी शिरणारच, निदान बाहेर तरी पडेल. बरेच जण हे भोक लप्पमनं बुजवतात आणि पाइप आतून सडतो. फाटकाचा खांब जिथं सिमेंटात शिरतो तिथं प्लास्टरची वाटी झालेली असते, ती खांबापासून बाहेर उतरती करून घ्यावी. खुर्चीच्या पायांना रबरी बूट घालायचेच असतील तर त्यांना तळाशी छिद्र पाडावं. कुंडी थेट कडीवर न टेकवता मधे टाइलचे तीन तुकडे ठेवले तर बुडाखालून हवा खेळते. झोपाळ्याच्या साखळीला रंग देऊ नये, दुवे एकमेकांवर घासून तो महिन्यातच जातो. जस्त चढवलेली साखळी घ्यावी आणि हुकाच्या जागी थोडं ग्रीस लावावं.

उरलेला रंग डब्याचं झाकण हातोडीनं नीट बसवून, उलटा करून ठेवावा. तळाशी साय धरते, वर स्वच्छ रंग राहतो. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, झोपाळा आडवा करून एक फेरी मारायची. जिथं रंगाला टाचणीच्या डोक्याएवढा फोड दिसेल तिथं तो फोडायचा, एमरीनं चार बोटं घासायचं, त्याच दुपारी अस्तर आणि दुसऱ्या दिवशी त्या डब्यातला रंग लावायचा.